क्वाटरमास डीव्हीडी सेट: घ्या, पण सबटायटल लावून बघा

प्रोफेसर क्वाटरमास या रॉकेट शास्त्रज्ञावरच्या बीबीसीच्या तिन्ही जुन्या सायन्स फिक्शन टीव्ही मालिकांचा डीव्हीडी सेट सेकंडहँड मागवला, बॉक्सचा कोपरा फुटलेला आला, विक्रेत्याने साधा रिप्लाय पण दिला नाही, असो, डिस्क नीट चालतात. पहिली मालिका १९५३ ची, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून लाइव्ह केलेली, सहापैकी दोनच भाग शिल्लक आहेत, बाकीचे रेकॉर्डच झाले नाहीत 😭 आणि दुसऱ्या भागात गंमत म्हणजे ज्या स्क्रीनवरून रेकॉर्डिंग चालू होतं त्या स्क्रीनवरच एक किडा येऊन बसला तो मिनिटभराच्या वर तसाच दिसत राहतो, मी आधी आपलाच टीव्ही पुसायला उठलो होतो!! शेवटच्या भागातला राक्षस म्हणजे लेखक नायजेल नील याने स्वतःच हातमोज्यांना झाडपाला चिकटवून वेस्टमिन्स्टर ॲबे या लंडनच्या चर्चच्या मोठ्या फोटोतून हात बाहेर काढलेत, पण तो भाग आपल्या नशिबात नाही.

खरा माल म्हणजे तिसरी, क्वाटरमास अँड द पिट, १९५८-५९, सहाच्या सहा भाग. लंडनमध्ये खोदकामात आधी कवट्या निघतात, मग बॉम्ब वाटणारं यान आणि त्यात मंगळावरचे मेलेले टोळासारखे जीव. मधले फिल्मवर आधीच शूट केलेले सीन एकदम स्वच्छ, स्टुडिओतले लाइव्ह सीन जरा धूसर, तो फरक डोळ्यांना खटकतो थोडा. क्वाटरमास झालेला आंद्रे मोरेल मात्र काय शांतपणे काम करतो राव. दुसरी मालिका ठीक, मध्ये रेंगाळते. सबटायटल लावाच, जुनं इंग्रजी कानावरून जातं. साडेचार स्टार, अर्धा बॉक्सचा कापला.