सियागंजचे साडेआठशेचे फोम पॅड, आठ महिने वापरून

रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, आमच्या सुदामा नगरातल्या निम्म्या गाड्यांची जी अवस्था होते ती इंदूरकरांना सांगायला नको. गुलाल बसलेला असतो आणि कुणीतरी प्रेमाने कोरड्या फडक्याने पुसून टाकतं, झालं, उन्हात गाडी उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे. बाबांच्या काळ्या सेडानचं हेच झालं होतं, तेव्हा मी सियागंजमधून पॉलिशच्या मशीनला लावायचा हा सेट आणला: साडेपाच इंची तीन पॅड, पिवळा कटिंगचा म्हणजे चरे घासून काढायचा, नारिंगी पॉलिशचा, काळा फिनिशिंगचा म्हणजे शेवटची चमक आणायचा, साडेआठशे रुपये, पाकिटावर ब्रँडचं नावच नाही. मशीन माझ्याकडे डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) आहे, पॅड चिकटतो ती प्लेट पाच इंची, म्हणजे पॅड प्लेटच्या जरा बाहेर राहतो आणि कडेला प्लेट पेंटला लागत नाही. हे माप घेताना नक्की बघा, दुकानदार कुठलाही पॅड कुठल्याही प्लेटवर चालतो म्हणून देतात.

आठ महिन्यांत या सेटवर बाबांची गाडी दोनदा, दादाची हॅचबॅक आणि समोरच्या काकांची जुनी लाल गाडी एवढं काम झालंय. फोम अजून उसळतो, कडा फाटल्या नाहीत, वेल्क्रो तिन्हींचा जागेवर आहे. याच्या आधीचा सेट मी एका ऑनलाइन कंपनीचा दुपटीच्या किमतीत घेतला होता तो पहिल्याच गाडीत गेला. एप्रिलची दुपार, बोनेट हात लावता येणार नाही इतकं तापलेलं, मी मशीन दाबून दाबून चालवत होतो आणि अर्ध्यात फोम वेल्क्रोपासून सुटून फरशीवर पडला, उलटा करून बघितला तर मधला भाग वितळून कडक झालेला. कंपनीने बदलून दिला नाही, वापर चुकीचा म्हणाले. गोंद त्यांचा कच्चा होताच पण उष्णतेचं त्यांचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. डीए मशीनमध्ये पॅड फिरतो आणि हलतोही, त्यामुळे सगळी गरमी मध्यभागी प्लेटजवळ साठते, फोम तर हवेने भरलेला, त्यातून ती बाहेर पडत नाही, मग आधी गोंद सुटतो आणि मग फोम जातो. या सेटमधल्या पॅडला मधोमध भोक आहे, त्याचा फरक नक्की पडतो.

आता मी काय करतो ते सांगतो कारण माझ्या मते पॅड टिकला तो निम्मा याच्यामुळे. काम सकाळी, गाडी सावलीत, बोनेट गार. एका पॅडवर दोन पॅनेल, मग थांबून पॅडच्या मध्यावर बोट ठेवायचं, चटका लागला तर पॅड बाजूला आणि दुसरा लावायचा, म्हणून कटिंगचे दोन पॅड तरी घ्याच, सेटमध्ये एकच येतो ही माझी या दुकानाबद्दलची खरी तक्रार. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवलीय, मशीन चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे, रेघ नुसती थरथरत एका जागी राहिली म्हणजे मी फार दाबतोय किंवा पॅड कंपाउंडने, म्हणजे चरे घासून काढायच्या पेस्टने, भरलाय.

आणि पॅड भरतो फार लवकर. नवीन पॅडवर आधी कंपाउंड बोटाने पातळ चोळून घ्यायचं, मग वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात, पण लोक जिलबीसारखं वेटोळं घालतात आणि तिथेच पॅड मरतो. वापरलेलं कंपाउंड आणि घासून निघालेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फोमच्या छिद्रांत बसून वाळतो, त्याचे खडे होतात, आणि आपण ज्या चऱ्यांसाठी मेहनत करतोय तेच चरे हा खडा पुन्हा पाडतो. म्हणून दर पॅनेलनंतर मशीन हळू चालू ठेवून नायलॉनचा ब्रश पॅडवर टेकवायचा, करडी भुकटी उडताना दिसते, मग टेरी टॉवेलवर दोनदा दाबायचा. दोन मिनिटांचं काम आहे. पॅडवर नखाने हलकं खाजवून बघा, वाळलेला कण बोटाला लगेच कळतो.

अजून एक. काळ्या गाडीवर पॅड काळा होत नाही कारण वरचा क्लिअर कोट बिनरंगी असतो, पांढरट करडा गाळच येतो. काकांच्या लाल गाडीवर पॅड लालेलाल झाला, तिचा पेंट जुना सिंगल स्टेज आहे, म्हणजे वर क्लिअर कोट नाहीच, तिथे ते चालतं. पण क्लिअर कोटवाल्या गाडीत पॅडला रंग लागला तर मशीन बंद करा, क्लिअर कोट संपलेला असू शकतो.

धुणं तर त्याच दिवशी, उद्यावर नाही. कोमट पाणी, उकळतं नाही, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, पंधरा मिनिटं भिजवून अंगठ्याने दाबत दाबत गाळ काढायचा, कपड्यासारखा पिळायचा नाही, पिळलं की आतून फोम फाटतो आणि गोंदावर ताण येतो. आमच्या बोरिंगचं पाणी इतकं खारं आहे की साबणाला फेसच येत नाही आणि थर राहतो, मी नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची बादली वेगळी भरून ठेवतो. पहिलं पाणी पातळ ताकासारखं येतं, तिसऱ्यात नितळ. मग टॉवेलमध्ये दाबून, फोमचं तोंड खाली आणि वेल्क्रो वर करून पंख्याखाली जाळीवर ठेवायचा म्हणजे पाणी गोंदाकडे न जाता खाली निथळतं. आधी मी आईची भांडी निथळायची जाळी वापरायचो, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि ते बरोबरच होतं, आता माझी वेगळी आहे. उन्हात वाळवू नका, फोम पिवळा पडून चुरचुरीत होतो. ओला असताना पिशवीत बंद केला तर कुबट वास येतो. पूर्ण कोरडा झाला की झिपच्या पिशवीत, पिशवीवर लिहून की याला कुठलं कंपाउंड लागतं, कटिंगचा पॅड फिनिशिंगला कधीच नाही. मशीन पॅडवर टेकवून उभं ठेवलं की फोम एका बाजूने दबून राहतो, तेही टाळा. आणि पॅड जमिनीवर पडला तर मी त्या दिवशी तो वापरत नाही, धुवून ब्रश मारल्याशिवाय नाही.

रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. लेक कंट्रीचा पिवळा पॅड कटिंगचा कडक, रुपेसचा पिवळा मऊ फिनिशिंगकडचा. दुकानात बोटाने दाबून बघा, कडक तो कटिंगला.

पॅडना माझ्याकडून पाचपैकी चार. काळ्याचा फोम फार मऊ, पहिल्या धुण्यात थोडे दाणे सुटले, गोंद मात्र पक्का. एकच कटिंग पॅड दिला त्याचा एक कापला. दुकानदाराला मी सांगितलंय की पिवळा सुटा ठेवा, म्हणाला ठेवतो, मागच्या आठवड्यात गेलो तर खरंच ठेवले होते, दोन घेऊन आलो.