पोलंडच्या दंतकथांचा ऑडिओ संच : काही महिने ऐकल्यानंतर

क्राकूफमध्ये राहायला आल्यावर पोलंडच्या दंतकथांतल्या राजांवरचा हा इंग्रजी ऑडिओ संच घेतला. ट्रॅममध्ये, स्वयंपाक करताना, उन्हाळ्यापासून ऐकतेय. घ्यावा का? जरूर. मुलांसाठी घेणार असाल तर पोपिएलचा भाग आधी स्वतः ऐका. राजाला उंदीर खातात, आणि निवेदकाला त्यात जरा जास्तच रस आहे.

खरी गंमत अशी की प्रत्येक कथा दोनदा येते. आधी आज सांगतात तशी, मग जुन्या बखरीतली. क्राकूफच्या वावेल टेकडीचा ड्रॅगन घ्या. इथे कोणीही सांगेल की स्कुबा नावाच्या मोच्याने गंधक भरलेला मेंढा त्याच्यापुढे टाकला, आणि तहानेने नदीचं पाणी पिऊन पिऊन तो फुटला. पण १२०० च्या आसपास लिहिणाऱ्या कादुबेक या बखरकाराकडे मोची नाहीच! तिथे क्राक राजाचे दोन मुलगे ड्रॅगनला मारतात आणि धाकटा तिथेच थोरल्याचा खून करून आळ ड्रॅगनवर ढकलतो. पुढे बिंग फुटतं, त्याला हद्दपार करतात आणि राज्य बहिणीकडे, वांडाकडे येतं. मोची कथेत शिरला १६व्या शतकात. मला खुनाची कथा आवडली.

वांडाचंही तेच. लोककथेत ती जर्मन राजपुत्राशी लग्न टाळायला नदीत उडी घेते. कादुबेककडे तिला पाहून शत्रूचं सैन्यच लढायला नकार देतं, त्यांचा राजा स्वतःच्या तलवारीवर पडतो आणि वांडा राज्य करत राहते. बिचारीला बुडवलं नंतरच्यांनी.

सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो पियास्टचा, म्हणजे पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या मूळपुरुषाचा भाग. १२व्या शतकाच्या सुरुवातीला बखरकार गालुस लिहितो : ग्निएझ्नो गावी पोपिएल राजाच्या दारातून हाकललेले दोन परके पाहुणे गरीब शेतकरी पियास्टकडे येतात. घरात मुलाच्या जावळाची तयारी. पाहुण्यांपुढे ठेवलेली बिअर संपत नाही, एका डुकराच्या मांसाने घंगाळं भरतात. पाहुणेच मुलाचे केस कापून त्याचं नाव शेमोवित ठेवतात. पुढे राज्य त्याचंच. जावळ म्हटल्यावर आपल्याला वेगळी टीप लागत नाही. शेमोवितचा खापरपणतू... नाही, पणतू म्येश्को, ज्याने ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो गालुसच्या मते जन्मांध होता आणि सातव्या वर्षी, केस कापण्याच्याच सोहळ्यात, त्याला दिसू लागलं.

पोपिएलला उंदरांनी जिथे खाल्लं म्हणतात तो क्रुश्वित्सा गावचा ‘उंदरांचा मनोरा’ मात्र १४व्या शतकातला, पियास्ट घराण्यातल्याच काझिमिएश राजाने बांधलेला. पोपिएल त्यात मरणं शक्य नाही. संचात हे स्पष्ट सांगितलंय, शाबास.

लेख, चेख आणि रुस या तीन भावांचा (पोल, चेक आणि रुस लोकांचे दंतकथेतले मूळपुरुष) भाग साफ पातळ : लेखला पांढऱ्या गरुडाचं घरटं दिसतं, संपलं. गालुस आणि कादुबेक दोघांकडेही लेख हा भाऊ नाही, हे सांगायला हवं होतं. ढोल-ताशे कमी केले असते तर बरं. भागांच्या आत प्रकरणं पाडलेली नाहीत, त्यामुळे आवडता प्रसंग शोधायला सारखं पुढे-मागे करावं लागतं. चार तारे.