रात्रीतून बसणारी गाडी: रत्नागिरीतील एअर सस्पेन्शन तपासणीचा अनुभव

माझी सात आसनी एसयूव्ही गेल्या वर्षभरात कितीतरी सकाळी अंगणात ‘बसलेली’ आढळली. हा शब्द गॅरेजमधला आहे. रात्री नीट उभी केलेली गाडी पहाटे चारही बाजूंनी इतकी खाली आलेली असते, की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटेही शिरत नाहीत. इंजिन सुरू केल्यावर एअर सस्पेन्शनमध्ये, म्हणजे गाडीला साध्या स्प्रिंगांऐवजी हवेवर तोलणाऱ्या यंत्रणेत, हवा भरणारा कंप्रेसर बराच वेळ घरघरत राहतो, गाडी हळूहळू उठते आणि तोवर समोरच्या पडद्यावर ‘गाडी चालवू नका’ असा इशारा दिसत राहतो. या दुखण्याचे मूळ रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका लहान गॅरेजने शोधून काढले. दोनच गाड्यांची जागा असल्यामुळे नाव जाहीर लिहू नये, अशी मालकांची इच्छा आहे आणि ती मी पाळतो आहे. मात्र त्यांनी तपासणी कशी केली, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा जुन्या मोठ्या गाड्या आता आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना बहुधा पहिलाच सल्ला ‘कंप्रेसर बदला’ असा मिळतो.

मी वेळणेश्वरला राहतो. रत्नागिरीला जायचे तर हेदवीवरून तवसाळ आणि तिथून फेरीबोटीने जयगड, हा माझा नेहमीचा रस्ता. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीचा उतार तीव्र होतो, तेव्हा गाडी काही सेंटिमीटर वर उचलता येणे ही खरी सोय असते. आईचे गुडघे दुखतात, तिला बसवताना हीच गाडी खाली आणता येते. त्यामुळे एअर सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंगा बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला, तरी तो मला कधीच पटला नाही.

पहिली दुरुस्ती मी शिमग्याच्या आधी एका मोठ्या शहरातील सेवा केंद्रात करून घेतली होती. तिथे स्कॅनर लावला गेला, कंप्रेसर मर्यादेपेक्षा जास्त वेळ चालल्याची नोंद मिळाली आणि तेवढ्या एका नोंदीवरून १ लाख १० हजार रुपयांचा नवा कंप्रेसर बसला. पावसाळा सुरू होईपर्यंत गाडी पुन्हा बसू लागली. स्कॅनरने सांगितले ते खोटे नव्हते. कंप्रेसर खरोखरच जास्त चालत होता. तो का चालत होता, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही.

गणपती आटोपल्यावर मी मिरजोळ्याला गेलो. गॅरेजचे मालक पन्नाशीचे आहेत आणि त्यांनी आधी बराच काळ आरामबसगाड्यांच्या एअर सस्पेन्शनचे काम केले आहे. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी पाव तास नुसते प्रश्न विचारले. गाडी किती तासांत बसते, उतारावर उभी असते की सपाटीवर, आधी कोणता कोपरा खाली जातो, उंच मोडमध्ये ठेवली तर लवकर बसते का, समुद्रापासून किती अंतरावर उभी असते, अशी ती चौकशी होती. आधी कोणता कोपरा जातो याचे उत्तर मला देता आले नाही, कारण मी नेहमी चारही कोपरे खाली गेलेलेच पाहिले होते. त्यावर ते म्हणाले, “साहेब, गाडी आज इथेच ठेवा. सकाळी ती स्वतःच सांगेल.”

संध्याकाळी त्यांनी सपाट लादीवर गाडी उभी केली आणि चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहिले. जमिनीपासून मोजले तर टायरमधील हवेचा फरक मापात मिसळतो, म्हणून चाकाच्या मध्यापासून मोजायचे. त्यानंतर त्यांनी जे केले, तिथेच माझ्या मते या तपासणीचे सगळे मर्म आहे. त्यांनी सस्पेन्शनच्या नियंत्रकाचा फ्यूज काढून ठेवला.

याचे कारण असे की अशा अनेक गाड्यांमध्ये गाडी बंद करून कुलूप लावल्यानंतरही नियंत्रक काही तासांनी जागा होतो, चारही कोपऱ्यांची उंची तपासतो आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला, तर बाकीच्या तिघांतील हवा सोडून गाडी समतल करतो. इंजिन बंद असताना कंप्रेसर चालवून बॅटरी संपवण्यापेक्षा हवा सोडणे सोपे, असा त्यामागचा हिशेब असतो. परिणाम असा होतो की गळती एकाच कोपऱ्यात असते, पण सकाळी संपूर्ण गाडी बसलेली दिसते आणि पाहणाऱ्याचा संशय कंप्रेसरसारख्या सामाईक भागावर जातो. फ्यूज काढल्यावर नियंत्रक झोपलेलाच राहतो आणि प्रत्येक कोपरा आपापल्या गुणांवर उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचे दोन्ही कोपरे ३ मिलिमीटर, मागचा उजवा ४ मिलिमीटर आणि मागचा डावा तब्बल ४१ मिलिमीटर खाली होता. तीन-चार मिलिमीटरची उतरण गळती मानायची नसते. प्रवासात तापलेली हवा रात्री दहा अंशांनी गार झाली, तर तिचे आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी घटते आणि गाडी तेवढी खाली येतेच.

मला प्रश्न पडला, की टेप कशाला, सरळ दाब मोजणारे मीटर का लावत नाहीत? त्यांचे उत्तर इतके स्वच्छ होते की ते इथे नोंदवतो. बेलोवर, म्हणजे रबरी एअर स्प्रिंगवर, गाडीचे वजन तेवढेच राहते. हवा थोडी गेली की बेलो आखडतो, पण वजन पेलण्यासाठी लागणारा दाब जवळजवळ तोच राहतो. गाडी पूर्ण खाली टेकेपर्यंत मीटरचा काटा फारसा हलत नाही. गळती दाखवते ती उंची. लोहाराच्या भात्याकडे पाहिले तर हे लगेच समजते.

कोपरा सापडला, पण त्या कोपऱ्यात बेलो आहे, त्याला जाणारी नळी आहे, दोन्ही टोकांचे जोड आहेत आणि नळीच्या पलीकडे व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांचा ठोकळा, आहे. यांपैकी कोणीही दोषी असू शकतो. पंक्चर काढणारा ट्यूब घमेल्यातील पाण्यात बुडवतो, तीच युक्ती इथे साबणाच्या पाण्याने करायची असते. मात्र त्यातही दोन बारकावे मला पहिल्यांदाच कळले. एक म्हणजे गाडी चाकांवर उभी राहील अशा चार खांबी लिफ्टवरच हे करायचे. दोन खांबी लिफ्टवर चाके लोंबकळतात, बेलोवरचा भार जातो, दाब उतरतो आणि बारीक भेग बुडबुडे सोडतच नाही. दुसरा बारकावा उंचीचा. बेलोचे रबर खाली स्वतःभोवती दुमडलेले असते आणि वर्षानुवर्षे ठरावीक उंचीवर चाललेल्या गाडीत भेगा त्या दुमडीतच पडतात. नेहमीच्या उंचीवर त्यांनी सगळीकडे फवारा मारला, तेव्हा काहीच दिसले नाही. मग गाडी उंच मोडमध्ये नेली, दुमड उलगडली, तिच्यात साचलेला तांबडा चिखल धुतला आणि रबराच्या कडेवर सुमारे दोन इंच लांबीची, केसासारखी बारीक जाळी दिसली. तिथून फेस येऊ लागला.

इतके दिसल्यावर बहुतेकांनी काम संपले असे म्हटले असते. त्यांनी मात्र दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह ब्लॉकजवळ त्या नळीत एक लहान तोटी बसवली, ती बंद केली आणि गाडी पुन्हा तशीच ठेवली. तोटी बंद असताना हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून मागे जाणे शक्य नव्हते, तरीही कोपरा जवळपास तेवढाच उतरला. म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष ठरला. हा महागडा भाग उगाच बदलावा लागला नाही, याचे श्रेय त्या एका रात्रीच्या धीराला आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच बसवलेल्या कंप्रेसरचा ड्रायर उघडला आणि मला बोलावून दाखवला. आतील सिलिका जेलचे दाणे ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते. बाहेरची हवा आत घेताना ड्रायर तिच्यातील ओल शोषतो आणि गाडी खाली आणताना तीच कोरडी हवा ड्रायरमधून उलटी बाहेर पडते, तेव्हा जेल पुन्हा सुकते. गळतीत हवा बेलोच्या भेगेतून परस्पर निघून जाते, ड्रायरकडे परत येतच नाही. कंप्रेसर मात्र नवनवी दमट हवा ओढत राहतो. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेत किती पाणी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ओल पुढे नळ्यांत आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, तिथे गंज धरतो, इकडे कंप्रेसर तापतो आणि त्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, चिकटतो. माझा पहिला कंप्रेसर याच साखळीत गेला असावा आणि दुसराही त्याच वाटेवर होता.

मागचे दोन्ही बेलो जोडीने बदलले, ड्रायरचे जेल आणि रिले नवे घातले. दुरुस्तीत एक गोष्ट मी विशेष लक्ष देऊन पाहिली. रिकाम्या बेलोवर गाडी सोडली तर रबर वेडेवाकडे दुमडून नवा बेलोही फाटू शकतो, म्हणून त्यांनी गाडी स्टँडवर असतानाच बेलोत थोडी हवा भरली, दुमड हाताने नीट बसवली आणि मगच वजन टाकले. काम चालू असताना कोणालाही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ दिले नाही. शेवटी स्कॅनरने चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा जुळवून दिली. सुट्या भागांसह एकूण ६१,००० रुपये झाले, त्यांत ४,५०० रुपये केवळ तपासणीचे होते. तपासणीचे वेगळे पैसे घेतल्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते तसेच घ्यावेत असे मला वाटते. शोधण्याच्या श्रमाला मोल मिळाले, तर भाग बदलून नशीब आजमावण्याची गरज उरत नाही.

तक्रारी आहेत त्या अशा. वहीतील इतकी उत्तम मोजमापे पावतीवर येत नाहीत, तिथे फक्त ‘सस्पेन्शन काम’ एवढेच लिहिले जाते, त्यामुळे मला वहीच्या पानाचे छायाचित्र मागून घ्यावे लागले. बेलो बाहेरून मागवावे लागले आणि त्यासाठी नऊ दिवस गाडीशिवाय काढावे लागले, याची पूर्वकल्पना मला दिली गेली नव्हती. बसवलेले बेलो मूळ कंपनीचे नाहीत आणि त्यांच्या हमीबद्दल जे सांगितले गेले ते सर्व तोंडी आहे. वयस्कर माणसाला घेऊन गेलात तर बसायला एक बाकडे आणि पत्र्याखालचा उकाडा, एवढीच व्यवस्था आहे.

आता सहा महिने झाले. मालकांच्या सांगण्यावरून मी किनाऱ्यालगतच्या फेरीनंतर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतो, बेलोच्या दुमडीतील वाळू आणि चिखल काढतो, रबराला ग्रीस किंवा तेल लागू देत नाही आणि महिन्यातून एकदा फ्यूज काढून रात्रभराचे माप घेतो. परवाच्या मापात चारही कोपरे २ ते ४ मिलिमीटरांच्या आत होते. मागचा डावा २ मिलिमीटर उतरला होता.