इंटेल एएक्स२१० वायफाय कार्ड: लॅपटॉपमध्ये बसवून काही महिने वापरल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेलं कार्ड थंडी सरत आली तरी कुरकुर न करता चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवं कार्ड घातल्याच्या दिवशी सगळेच खूश असतात. विंडोजचे दोन-तीन मोठे अपडेट होऊन गेले, एखाद्या वेळी राउटर रीसेट झाला, महिनोन्महिने व्हिडिओ मीटिंगा झाल्या, की मग त्याचं खरं रूप कळतं.

आधी सामान सांगतो. रायझन ५ चा पंधरा इंची लॅपटॉप, विंडोज ११. दोन बेडरूमचा आरसीसी फ्लॅट, हॉलमध्ये फायबरवाल्याने दिलेला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा) वायफाय ५ राउटर, प्लॅन २०० एमबीपीएसचा. लॅपटॉपसोबत आलेलं कार्ड वायफाय ५ चंच, पण १×१, म्हणजे एका वेळी एकच अँटेना वापरणारं. लक्षणं ठरलेली: मागच्या खोलीत मीटिंगमध्ये आवाज तुटणं, झाकण उघडल्यावर नेट यायला वेळ लागणं, आणि अधूनमधून वायफायचं चिन्हच गायब होऊन तिथे पृथ्वीचा गोळा दिसणं. बदली कार्ड एएक्स२१०: २×२ (म्हणजे दोन अँटेना), वायफाय ६ई (६ गिगाहर्ट्झही वापरू शकणारी पुढची पिढी), त्याच पट्टीवर ब्लूटूथ. बाजारभाव दोन हजारांच्या आसपास.

पैसे वसूल झाले का? झाले. पण हे वाचून लगेच ऑर्डर टाकू नका. वायफाय तुटतंय म्हणून वैतागलेल्या बऱ्याच जणांना नव्या कार्डाची गरजच नसते, आणि ते कळायला फुकटातली अर्ध्या तासाची तपासणी पुरते.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. 'आयपीकॉन्फिग' दिल्यावर 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो पत्ता दिसतो तो तुमच्या राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा. एका खिडकीत त्या पत्त्याला सतत पिंग लावा (पिंग म्हणजे समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड, पत्त्यानंतर 'उणे टी' द्यायचं), दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. आता नेहमीचं काम करत राहा आणि नेट अडकलं की खिडक्यांकडे बघा. राउटरचं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येतंय आणि ८.८.८.८ कडून मात्र 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', तर लॅपटॉप निर्दोष आहे. फायबरवाल्याला फोन लावा. राउटरचंच उत्तर तीनशे-चारशेवर उड्या मारतंय किंवा येतच नाहीये, तर गडबड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत किंवा दोघांपैकी एकात आहे. दोन्ही पिंग नीट चालू असताना फक्त ब्राउझर रुसला असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून बघा. ही फोड न करता ड्रायव्हर उडवणं, विंडोज नव्याने टाकणं, राउटर बदलणं असे उद्योग लोक करत बसतात, आणि दोष जिन्यातल्या फायबरच्या वळलेल्या तारेत निघतो.

दुसरी तपासणी 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' या कमांडची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून लोकेशन बंद असेल तर ही कमांड अडते, तेवढं आधी चालू करा. यात चॅनेल दिसतो, रिसीव्ह रेट (राउटरशी जोडणीचा वेग, एमबीपीएसमध्ये) दिसतो आणि सिग्नल टक्क्यांत दिसतो. विंडोजच्या हिशोबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि शून्य म्हणजे उणे १००. मधलं सगळं सरळ प्रमाणात. व्हिडिओ मीटिंगसाठी उणे ६७ डीबीएम ही खालची मर्यादा धरतात, म्हणजे ६६ टक्के. बसायच्या जागी ५० टक्केच दिसत असतील तर कोपऱ्यातल्या चिन्हावर कितीही काड्या दिसोत, आवाज तुटणारच. सिग्नल ८५ टक्के असूनही तुटत असेल तर प्रश्न रेंजचा नाही, गर्दीचा, ड्रायव्हरचा किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगचा आहे.

तिसरी कमांड प्रशासक म्हणून चालवायची: 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट'. मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, कोणतं कारण नोंदलं गेलं, याचं पान तयार होतं आणि ब्राउझरमध्ये उघडता येतं. कधीही, कुठल्याही कामात तुटत असेल तर राउटर किंवा सिग्नल बघा. प्रत्येक वेळी झोपेतून उठल्यावरच तुटत असेल तर पॉवर सेटिंग. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) एनडीआयएसच्या, म्हणजे विंडोजच्या नेटवर्क-ड्रायव्हर सांभाळणाऱ्या भागाच्या नावाने १०३१७ क्रमांकाची 'फेटल एरर' वारंवार दिसत असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड. ही शेवटची नोंद मूळ कार्डाच्या काळात आठवड्यातून अनेकदा यायची. नवीन ड्रायव्हर, जुना ड्रायव्हर, दोन्ही घालून झालं तरी ती थांबली नाही, तेव्हा कार्ड बदलायचं ठरलं.

राउटरवर थोडंसंच करायचं असतं, पण ते आधी करा. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर ती वेगळी करा, म्हणजे लॅपटॉप नेमका कशावर आहे ते समजतं. जाडजूड भिंतीमागे तो गुपचूप २.४ वर जाऊन बसतो आणि आपण ५ गिगाहर्ट्झला शिव्या देतो. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत प्रत्येक दाराआड एक राउटर असतो, तिथे ४० ची चैन परवडत नाही. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनेल घ्या. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसाठी राखून वापरायचे असतात. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला ती जागा सोडावी लागते, आणि अशा चॅनेलवर पुन्हा बसायच्या आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. काहीही कारण नसताना मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतून जातं आणि परत येतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. राउटरवर १६० मेगाहर्ट्झ निवडलं तर ३६ पासून सुरू झालेला पट्टा ६४ पर्यंत जातो, म्हणजे अर्धा रडारच्या हद्दीत. ८० वर ठेवा.

आणि राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. फायबरवाला तार जिथे संपते तिथे राउटर ठोकून जातो. दोन मीटर जास्त तार मागितली तर तो नाही म्हणत नाही.

लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढा. नव्या पातळ लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही. तिथे पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टरचं सेटिंग 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' करता येतं का बघा. इंटेलच्या कार्डात 'अॅडव्हान्स्ड' टॅबखाली दोन गोष्टी कामाच्या आहेत. 'प्रिफर्ड बँड' ५ वर. 'रोमिंग अॅग्रेसिव्हनेस' म्हणजे दुसऱ्या राउटरकडे उडी मारायची घाई. घरात एकच राउटर असेल तर ती मध्यमच्या एक पायरी खाली आणा, मेश किंवा एक्स्टेंडर (रेंज वाढवणारे जादा राउटर) असेल आणि लॅपटॉप हॉलमधल्याच राउटरला चिकटून राहत असेल तर एक पायरी वर. बाकी खुंट्यांना हात लावू नका. 'नेटवर्क रीसेट' सगळ्यात शेवटी, कारण त्यात साठवलेले पासवर्ड जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन बहुतेक वेळा पुन्हा बसवावं लागतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर कार्ड.

खरेदी करताना सगळ्यात जास्त फसगत एएक्स२१० आणि एएक्स२११ यांच्यात होते. दिसायला सारखी, पण २११ (आणि जुनं २०१) इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतं, कारण कार्डाचा अर्धा मेंदू त्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या लॅपटॉपात ते ओळखलंच जात नाही. २१० स्वतंत्र आहे: वायफाय पीसीआय एक्सप्रेसवर, ब्लूटूथ आतल्या यूएसबीवर. पट्टीचा आकार एम.२ २२३०. काही पातळ लॅपटॉपात वायफायची चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे विषय संपला. जुन्या थिंकपॅडमध्ये आणि एचपीच्या काही जुन्या मॉडेलांत बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) मान्य असलेल्या कार्डांची यादी असते. थिंकपॅड '१८०२' ही एरर दाखवून सुरू व्हायलाच नकार देतो, एचपी '१०४' दाखवतो. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा. अँटेनाच्या तारा किती आहेत तेही त्यात कळतं. एकच तार असेल तर २×२ कार्ड घेऊन अर्धाच फायदा.

पाठ उघडण्याआधी वायफाय आणि ब्लूटूथ असे दोन्ही ड्रायव्हर (ते वेगवेगळे असतात) पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. विसरलात तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा. लॅपटॉप शिफ्ट दाबून पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पाठ उघडा, आणि सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हे टाळून काम उरकणारे असतात. एखादा स्क्रू आत पडला की बोर्ड जातो. अँटेनाची टोकं सरळ वर उचलायची, तार धरून ओढायची नाहीत. आधी फोटो काढा. डेलच्या मॅन्युअलप्रमाणे पांढरी तार पांढऱ्या त्रिकोणावर, काळी काळ्यावर. इतर कंपन्यांत रंग वेगळे असू शकतात, म्हणून फोटो. नवं कार्ड तिरकं सरकवून दाबायचं आणि स्क्रू लावायचा. मग अँटेनाचं टोक बरोबर खुंटीवर ठेवून अंगठ्याच्या नखाने दाबायचं. बारीकशी टिक जाणवते. ती जाणवली नाही तर टोक बसलेलं नाही. पुन्हा पुन्हा काढ-घाल केली की ही टोकं सैल पडतात.

बसलं की नाही, याची परीक्षा झाकण लावण्याआधीच घ्या. बॅटरी जोडून लॅपटॉप जपून सुरू करा, राउटरपासून दोन मीटरवर बसा आणि रिसीव्ह रेट बघा. वायफाय ५ राउटर ८० मेगाहर्ट्झवर असेल तर दोन अँटेनांना ८६६ च्या आसपास दिसायला हवा, वायफाय ६ असेल तर १२०१. शेजारी बसूनही त्याच्या निम्म्याच्या (४३३ किंवा ६००) वर जात नसेल तर एक टोक सुटलेलं आहे, मग विंडोज सगळ्या काड्या दाखवत असलं तरी. एक तार धड नसतानाही वायफाय चालतं, म्हणून अनेकांना हे कधी कळतच नाही.

फरक पडला तो मागच्या खोलीत. तिथे जुन्या कार्डावर ४०-५० एमबीपीएस मिळायचे आणि तेही डोलत. आता १५० च्या आसपास टिकून मिळतात. याचं श्रेय 'सिक्स ई'ला देऊ नका. राउटर वायफाय ५ चाच आहे, ६ चं काहीच इथे वापरात नाही. काम केलंय दुसऱ्या अँटेनाने आणि नीट ड्रायव्हरने. खोक्यावरचा २४०० एमबीपीएसचा आकडा १६० मेगाहर्ट्झवरचा आहे, घरी तो विसरा. ६ गिगाहर्ट्झचंही तेच. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुला करण्याचे मसुदा नियम केंद्राने मे २०२५ मध्ये काढले, पण त्यासाठी तसा राउटर आणि विंडोज ११ दोन्ही लागतात, आणि जुन्या लॅपटॉपच्या अँटेना मुळात २.४ आणि ५ साठी बनवलेल्या असतात. अमेरिकेतल्या वाचकांचं वेगळं, तिथे २०२० पासूनच १२०० मेगाहर्ट्झ खुले आहेत.

कार्ड बदलूनही न सुटलेली एक गोष्ट: डाव्या बाजूला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावली की ब्लूटूथ माऊस अडखळतो. कार्डाचा दोष नाही. यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ तिथेच असतं. डिस्क उजव्या पोर्टला, किंवा अर्ध्या मीटरच्या चांगल्या शील्ड असलेल्या केबलने लांब ठेवली की माऊस सुधारतो. वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हरही यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी लावू नका.

लिनक्सवाल्यांसाठी: कर्नल ५.१० किंवा पुढचं हवं. उबुंटूत नेटवर्क मॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमधल्या पॉवरसेव्ह फाइलमध्ये ३ हा आकडा असतो, तो २ केला की वीज-बचत बंद होते आणि बॅटरीवर असताना येणारे झटके थांबतात. या कार्डावरून ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट काढायची अपेक्षा लिनक्सवर ठेवू नका. देशानुसार चॅनेल ठरवायचं काम इंटेलचं फर्मवेअर स्वतःकडे ठेवतं आणि ती परवानगी देत नाही.

क्वचित, मोठ्या विंडोज अपडेटनंतर, कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हासह 'कोड १०' दाखवतं. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग सुरू करा. पुन्हा येत असेल तर कंट्रोल पॅनेलमधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, आणि तरीही आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून आधीची आवृत्ती घ्या. जुनं कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. वॉरंटीत लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा झाला तर तेच बसवून द्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस कीबोर्डच्या तक्रारीचा दोषही या कार्डावर टाकेल.