'फार्मर' म्हणजे नेमका कोण? मिडवेस्टच्या जनगणना आणि जमीन-नोंदी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या (आयोवा, इलिनॉयसारख्या राज्यांतल्या) पूर्वजांचा शोध घ्यायला दोन साइट: फॅमिलीसर्च (वंशावळीच्या जुन्या नोंदींची साइट) आणि जीएलओ (अमेरिकन केंद्र सरकारने दिलेल्या जमीन-पट्ट्यांची साइट) दोन्ही फुकट. पहिल्यावर खातं उघडावं लागतं, दुसऱ्यावर तेही नाही. आठ महिन्यांच्या वापरानंतर ठाम मत असं की, आयोवा-इलिनॉयकडच्या शेतकरी घराण्याचा माग काढताना सगळ्यात जास्त फसवतो तो 'फार्मर' हा शब्द. जनगणनेत जमीनमालक फार्मर, खंडाने कसणारा फार्मर आणि वाट्याने कसणाराही फार्मरच. बिऱ्हाड कोण हलवणार, हे मात्र बरंचसं या फरकावर ठरायचं.

उलगडा होतो 1880 च्या शेती-तक्त्यात. तिथे एका शेताला एक ओळ, आणि नावाशेजारी तीन रकाने: मालक, रोख खंड, पिकाचा वाटा. पुढे कसलेली एकरं, दुभत्या गाई, किती पौंड लोणी काढलं इथपर्यंत सगळं. आधी माणसांच्या तक्त्यात कुटुंब शोधा. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), टाउनशिप (काउंटीचा छोटा भाग) आणि गणना-विभागाचा क्रमांक टिपा. मग त्याच विभागाचा शेती-तक्ता पान उलटत वाचा, शोधपेटीच्या भरवशावर राहू नका. गणनाकार घरोघर फिरत लिहायचा, त्यामुळे शेजाऱ्यांची नावं साधारण त्याच क्रमाने येतात आणि चुकीच्या वाचनामुळे हरवलेलं आडनावही सापडतं. पिकांचे आकडे 1879 च्या हंगामाचे आहेत, हे विसरू नका.

असे तक्ते 1850 ते 1880 या चारच जनगणनांचे मिळतात. 1900 च्या जनगणनेत शेत-तक्त्याचा क्रमांक लिहिलेला दिसतो आणि आशा लागते; पण ते तक्ते नष्ट केले गेले, क्रमांक तेवढा उरला. त्या वर्षासाठी घर मालकीचं की भाड्याचं आणि गहाण की मोकळं, या रकान्यांवर भागवायचं.

स्थलांतरासाठी मुलांची जन्मस्थळं बघा. 1880 च्या पानावर 14 वर्षांचा मुलगा ओहायोचा, 11 चा इंडियानाचा, 8 ची मुलगी इलिनॉयची आणि 3 चं पोर आयोवाचं असेल, तर आयोवात येणं साधारण 1872 ते 1877 च्या दरम्यान. 1890 ची जनगणना 1921 च्या आगीमुळे आणि नंतरच्या नासाडीमुळे जवळपास सगळी गेली, म्हणून मधल्या वीस वर्षांची पोकळी राज्यांच्या जनगणनेने भरावी लागते. आयोवाच्या 1885 आणि 1895 च्या आहेत. कॅन्ससच्या 1875 पासूनच्या गणनांत तर 'कॅन्ससात कुठून आलात' असा सरळ रकानाच आहे! आयोवाच्या 1925 च्या गणनेत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. यातल्या एकट्या त्या रकान्यासाठी मी पाचपैकी एक तारा जास्त देईन.

आता जीएलओ. पट्ट्यावर जमिनीचं वर्णन असं येतं: वायव्य चौथाई, सेक्शन 22, टाउनशिप 84 उत्तर, रेंज 25 पश्चिम, पाचवा मेरिडियन. मेरिडियन म्हणजे मोजणीची उत्तर-दक्षिण आधाररेषा, आणि रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला वा पश्चिमेला कितवी टाउनशिप-रांग. मोजणीतली टाउनशिप सहा मैल चौरस, तिचे 36 सेक्शन, प्रत्येकी 640 एकर. म्हणजे चौथाई 160 एकरांची. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी जातात. सवय नसली की माणूस भलत्याच शेतात जाऊन उभा राहतो.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला, पट्ट्याची तारीख ही येण्याची तारीख नव्हे. 1862 च्या होमस्टेड कायद्यात सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसल्यावर पट्टा मिळायचा. दुसरा, सैनिकी वॉरंटावरच्या (सेवेबद्दल सैनिकाला मिळालेल्या जमीन-हक्काच्या कागदावरच्या) पट्ट्यात सैनिकाचंही नाव असतं. त्याने वॉरंट विकून टाकलेलं असू शकतं आणि तो मिडवेस्टला कधी फिरकलाही नसेल. तिसरा, साइटवर फक्त सरकारकडून झालेलं पहिलं हस्तांतर आहे. आपल्या सातबाऱ्यावर फेरफार चढत जातात तसं इथे काही नाही; पुढची खरेदी-विक्री काउंटीच्या दस्त-नोंदणीत, देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायची.

होमस्टेडची मूळ फाइल नॅशनल अर्काइव्हजकडून (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून) पैसे भरून मागवावी लागते, पण ती घ्याच. घर केवढं, किती एकर नांगरली, घरात माणसं किती, साक्षीदार कोण, परदेशी असेल तर नागरिकत्वाचे कागद, सगळं तिच्यात असतं. मध्येच सोडून गेलेल्यांचा पट्टा निघतच नाही, म्हणून ते जीएलओवर दिसत नाहीत. त्यांच्याही फायली नॅशनल अर्काइव्हजमध्ये असतात. आयोवावाल्यांनी मात्र होमस्टेडची फार आशा धरू नये, तिथली बरीच जमीन रोखीने, वॉरंटाने किंवा रेल्वेकडून गेलेली.

फॅमिलीसर्चवरची काही पानं घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. मजकुरातून शोधण्याची नवी सोय दस्त आणि मृत्युपत्रांसाठी उत्तम. तिथे आडनावाऐवजी शेजाऱ्याचं नाव टाकून बघा.