जुनी सिटी व्हीटेक घेताय? बॅज नको, दिवा बघा

2,40,000 रुपये. टोकन 20,000 यूपीआयने, 2,05,000 बँकेतून आणि "आरटीओचा खर्च" म्हणून 15,000 रोख. मिळाली काय, तर बूटवर व्हीटेकचा (वरच्या आरपीएमला जास्त ताकद देणारं होंडाचं इंजिन) बॅज लावलेली 2002 ची होंडा सिटी, आणि बोनेटखाली साधं 1.5 चं इंजिन.

मीटर मागे फिरवणं, अपघाताची गाडी रंगवून विकणं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी रंगाची जाडी मोजली, दाराचे बोल्ट पाहिले, सर्व्हिसची बिलं मागितली. हा प्रकार वेगळा आहे, म्हणून लिहितोय.

त्या काळी सिटी तीन इंजिनांत मिळायची: 1.3 (90 बीएचपी), साधी 1.5 (100) आणि 1.5 व्हीटेक (106). दोन्ही 1.5 सोळा व्हॉल्व्हच्या. कागदावर फरक सहाचा, पण ट्यूनिंगवाले मागे लागतात ते व्हीटेकच्याच. व्हीटेकमध्ये कमी आरपीएमला सौम्य कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा), वर गेल्यावर ऑइलच्या प्रेशरने रॉकर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले दांडे, एकमेकांत अडकतात आणि मोठा कॅम लागतो. इनटेक, 4-2-1 हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि पिगीबॅक (ट्यूनिंगसाठीचा जोड-कॉम्प्युटर) लावला की हे इंजिन खरंच बोलायला लागतं. 2003 ला आलेली नवी, डॉल्फिन म्हणून ओळखली जाणारी सिटी सुरुवातीला 77 बीएचपीची, मायलेजसाठी बनवलेली. म्हणून जुन्या व्हीटेकला आजही भाव आहे, आणि भाव आहे तिथे चोर आहेत. मूळ इंजिन उडालं की भंगारातून साधं 1.5 आणून बसवतात आणि गाडी व्हीटेकच्याच किमतीला काढतात.

आता तो दिवा. चावी ऑनवर फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, की चेक इंजिनचा दिवा दोनेक सेकंद पेटून विझला पाहिजे. या गाडीत तो पेटलाच नाही. ऑइलचा पेटला, बॅटरीचा पेटला, हा नाही. डीलर म्हणाला, "साहेब, दिवा नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही!" मूर्खपणा म्हणायचा तर म्हणा, पण शेजारी गॅरेज चालवणारा फिटर उभा होता आणि त्यानेही मान डोलावली. व्हीटेकच्या ईसीयूला (इंजिनाचा कॉम्प्युटर) हेडवरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरचा, सोलेनॉइड (व्हीटेकचं ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) सापडला नाही की तो हा दिवा कायम पेटता ठेवणार. म्हणून बल्बच काढून टाकलेला. सोलेनॉइडचा कनेक्टर वायरिंगमध्ये काळी टेप गुंडाळून मागे खुपसला होता.

डीलर उभ्या गाडीतच रेस देऊन "ऐका, व्हीटेक लागला" म्हणतो. थंड इंजिनात, उभ्या गाडीत तो लागतच नाही. इंजिन पूर्ण गरम करा, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. वरच्या आरपीएमला आवाज आणि ओढ दोन्ही बदलायला हवेत. हेडवर सोलेनॉइड डोळ्यांनी पाहा, प्लग काढून बॅटरीचे 12 व्होल्ट द्या, टक् आवाज आला पाहिजे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय टोकन देऊ नका. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांतला फरक दोन किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आत हवा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आधी कोणी ट्यून करताना मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवलं असेल तर पिस्टनचं नुकसान इथेच उघड होतं. धूर लपवायला जाड ऑइल आणि हेड गॅस्केट लपवायला थर्मोस्टॅट काढणं ही जुनी युक्ती. वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर निघा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे पैसे किमतीतून कापा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

आणि इंजिन नंबर! चेसिसची पेन्सिल प्रिंट सगळे घेतात. इंजिनवरचा नंबर ग्रीसखाली असतो. डिझेलने धुऊन आरसीशी जुळवा. डीलर "गरज नाही" म्हणाला तर गरज आहे.

आरटीओत काय झालं? "गाडी तुमच्या नावावर आहे, इंजिन जुळत नाही, जबाबदारी तुमची." वा! पंधरा वर्षं झाल्यावर या गाडीचं दोनदा नूतनीकरण झालं, आरसी 2027 पर्यंत वैध आहे. तेव्हा तपासणाऱ्याने बोनेट उघडलं होतं का? विचारलं तर खिडकी क्रमांक बदलून मिळाला. इंजिन बदलल्यावर आरसीवर नोंद लागते, आणि ती करायला इंजिनाच्या खरेदीचं बिल लागतं. भंगारातल्या इंजिनाचं बिल कोण देणार? उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच नंबरवर बोट ठेवेल.

पोलीस ठाण्यात एकच वाक्य: "ही दिवाणी बाब आहे." खोटा बॅज, काढलेला बल्ब, टेप लावलेली वायर, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे. तक्रार घेत नाहीत तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात असाल तर आयुक्तालयात. पोच सोडू नका.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागा. इथे काचेवर फक्त जीएसटी नंबर होता. पावतीवर "जशी आहे तशी" लिहिलं असेल तर त्याखाली "1.5 व्हीटेक इंजिन, मूळ" असं त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि रोख एक रुपयाही देऊ नका. त्या 15,000 ची पावती नाही, ते गेलेच.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. त्याआधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आली तर पाकीट फोडू नका, तसंच जोडा.