दाखवली ओढ्याकाठची जमीन, विकला डोंगर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर भागात, पॉटर काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) बाजूला जागा शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय.

आम्हाला विकणाऱ्याने ओढ्याकाठचा सपाट तुकडा पायी हिंडवून दाखवला. घर इथे बांधा, विहीर तिथे खोदा. त्याने दिलेल्या नकाशातही तोच तुकडा रंगवलेला होता. रोखीचा व्यवहार आहे, टायटल इन्शुरन्सवर (मालकीत खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्यावर) कशाला खर्च करता, कागदपत्रं माझा माणूस करेल, असं तो म्हणाला. खरेदीखत झालं, नोंदणीही झाली. हिवाळा संपल्यावर गेलो, तर ओढ्याकाठच्या झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले. पेनसिल्व्हेनियात 2020 पासून बहुतेक काउंट्यांमध्ये अशा पट्ट्यांचा अर्थ आहे: खासगी जमीन, आत येऊ नका.

पट्टे मारणारा शेजारी भला माणूस निघाला. त्याने आपलं खरेदीखत ट्रकच्या बॉनेटवर पसरून दाखवलं. सपाट तुकडा आमच्या खरेदीच्या कितीतरी आधीपासून त्याच्या नावावर होता. आमच्या खतात एकच ओळ होती: पूर्वीच्या दस्तांत वगळलेले भाग सोडून. हे भाग कोणते, किती, कुठे, याचा आमच्या कागदात उल्लेखच नाही. तो तपशील काउंटीच्या नोंदणी कचेरीतल्या जुन्या दस्तांत होता. आमच्या वाट्याला आला उभा डोंगर, आणि त्याला रस्ताही लागत नाही.

याच काउंटीत, केटल क्रीकच्या खोऱ्यात, 1852 साली नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीतही असंच घडलं होतं. बर्गेनचा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक ओले बुल याने त्यांच्यासाठी सुमारे 11 हजार एकर विकत घेतले. वस्त्यांना नावं दिली ओलेआना, न्यू बर्गेन, न्यू नॉर्वे, वालहाला. नॉर्वेत लागवडीची जमीन जेमतेम तीन टक्के, आणि अनेकजण दुसऱ्याच्या शेतावर राबून पोट भरणारे. स्वतःच्या मालकीची जमीन म्हटल्यावर ही माणसं समुद्र ओलांडून निघाली, यात नवल नाही. त्यांनी झाडं तोडली, ओंडक्यांची घरं उभी केली. पण खरेदीखतात सुमारे साडेसहाशे एकर वगळलेले होते, आणि खोऱ्यातली कसण्याजोगी उत्तम जमीन नेमकी त्यातच होती. उरला तो चढ आणि दाट जंगल. 1853 च्या सप्टेंबरात बुलने जमीन परत केली. मोजकी कुटुंबं मागे राहिली, बाकीची पुढे विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे गेली. तिथे आता ओले बुल स्टेट पार्क आहे.

बुलला जमीन विकणाऱ्याकडे मालकीच नव्हती, अशी कथा पुढे बरीच वर्षं सांगितली गेली. मला त्यापेक्षा भीतीदायक वाटतं ते हे, की वगळलेले एकर चक्क खतात लिहिलेले होते. मालकी खरी, सही खरी, नोंदणी खरी, आणि तरीही घर बांधायला निघालेल्या माणसाच्या हाती डोंगर.

म्हणून कळकळीने सांगतो. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार पाहतो, मोजणी आणतो, तसा एकच सरकारी उतारा इथे मिळत नाही. दस्तांची साखळी मागे मागे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या माणसाकडून नको. पैसे देण्याआधी लायसन्सधारक सर्व्हेयर आणून कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून घ्या आणि त्या हद्दीवरून स्वतः चालत जा. टायटल इन्शुरन्स घ्याच, पण त्यात कशाकशाला संरक्षण नाही, ती यादी ओळ न ओळ वाचा. क्विटक्लेम डीडवर जागा अजिबात घेऊ नका, कारण त्यात विकणारा मालकीची कसलीच हमी देत नाही. रस्त्याचा हक्क लेखी हवा. जमिनीखालचा गॅस आणि खनिजं कोणाची, तेही विचारा, या भागात ते हक्क अनेकदा आधीच दुसऱ्याला विकलेले असतात.

आमचा विकणारा आता फोन उचलत नाही. दावा लावला आहे, तारखा पडतायत. डोंगराचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र दरवर्षी आमच्याच नावाने येतो.